बाबांची मिशी आणि पाव सेकंद

बाबांची मिशी मी कापली नाही. मी ती त्यांना फक्त पाव सेकंद उशिरा दाखवली.

हे वाक्य मी मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. घरात मोठ्याने एकदाच म्हटलं. तेव्हा आईने लाटणं खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, म्हणून पुन्हा म्हटलं नाही.

माझी नोकरी अशी, की मोबाइलचा कॅमेरा उघडल्यावर पडद्यावर जे हलतं चित्र दिसतं, ते अडखळू नये हे मी बघते. कॅमेरा सेकंदाला समजा चोवीस चित्रं काढतो आणि पडदा साठ वेळा बदलतो. जुळत नाही. मग एक चित्र दोनदा दिसतं, पुढचं तीनदा, आणि माणूस मान वळवतो ती टप्प्याटप्प्याने. म्हणून पडद्याचा वेग, म्हणजे रिफ्रेश रेट, कॅमेऱ्याशी जुळवायचा. (लग्न जुळवण्यासारखंच काम. पण दोन्ही पक्ष बोलत नाहीत, त्यामुळे मला जमतं.)

आमच्या कॅमेऱ्याच्या ॲपची चाचणी स्वस्त फोनवर करायची होती. घरातला स्वस्त फोन बाबांचा.

"बाबा, फोन देता जरा?"

"काय बिघडवणार आहेस?"

"काही नाही. सुधारणार आहे."

वेग जुळवलाच, शिवाय मी एक युक्ती केली. चार चित्रं आधी रांगेत उभी करायची आणि मग एकेक सोडायचं. उजेडात हा उशीर कळतही नाही. अंधारात मात्र कॅमेरा मंदावतो, रांग रेंगाळते आणि चित्र पाव सेकंद मागे पडतं. पण दिसतं कसं, तर संथ वाहत्या पाण्यासारखं!

त्या रविवारी निफाडला आण्णांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण. थोरला मुलगा म्हणून पूजेला बाबा बसणार होते. इकडे आमच्या नाशिक रोडच्या फ्लॅटला रंग देणं चालू होतं. रंगाऱ्याने बाथरूममधला बेसिनवरचा आरसा काढून ठेवला होता, ट्यूबलाइटही काढली होती, त्यामुळे आत अंधारच. उरलेला एकमेव आरसा कपाटाला, खोलीला आतून कडी, आणि आत आई पैठणी नेसत होती.

"अगं, पाच मिनिटं आरसा दे! मिशी सारखी करायची आहे."

"निऱ्या चालल्यात माझ्या. फोनमध्ये बघा की!"

पूर्वी फोनमधलं चित्र अडखळायचं, तेव्हा बाबा त्याच्यावर विश्वास ठेवत नसत. आता ठेवला. "वा! आज काय सुरेख दिसतंय यात!" ते बाथरूममधून म्हणाले. माझ्या कामाचं इतकं कौतुक ऑफिसातही कुणी केलेलं नव्हतं. मी दाराबाहेर एकटीच हसले. मग ट्रिमरचा आवाज आला. मग आवाज थांबला.

ट्रिमर टोकाशी पोचला होता, पण फोनमध्ये तो अजून पोचायचा होता. म्हणून बाबांनी त्याला आणखी थोडं पुढे नेलं. डावी मिशी निम्मी गेली. मग उजवी डावीएवढी करायला घेतली. त्याच फोनमध्ये बघून! आई बाहेर आली तेव्हा नाकाखाली जे उरलं होतं ते ठेवण्यापेक्षा काढणं बरं, असं सगळ्यांचं एकमत झालं.

काढल्यावर आईला आठवलं. "अहो! तुमचे वडील जिवंत आहेत!"

आमच्याकडे मुलगा मिशी उतरवतो ती वडील गेल्यावर. डोक्यासकट. बाबांच्या डोक्यावर गेली वीस वर्षं काहीच नाही. म्हणजे पुरावा पूर्ण.

"मास्क लावा," आई म्हणाली. "आणि पूजा होईपर्यंत काढू नका."

निफाडच्या चौकात हार घ्यायला गाडी थांबवली. फुलवाल्या मंदामावशी आमच्या घरच्यासारख्या. मास्कमधून त्यांना काही ऐकू जाईना, म्हणून बाबांनी तो खाली ओढला. "आण्णांसाठी मोठा हार द्या."

मंदामावशींनी वरच्या ओठाकडे बघितलं. मग टकलाकडे.

"कधी वं भाऊ?"

"आजच. अकराला आहे. तुम्हीही या."

"येनारच ना! लय देवमानूस व्हता."

त्यांनी रंगीत हार परत टांगला आणि आतून पांढऱ्या फुलांचा काढून दिला. "छान आहे," बाबा म्हणाले.

मागच्या सीटवरून मला सगळं दिसत होतं आणि कळतही होतं. मी बोलले नाही. (शाळेतही उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नसे.)

साडेअकराला पूजा रंगात आली असताना वीज गेली, घरात अंधारलं आणि दारातून दहा-बारा माणसं खाली मान घालून आत आली. पुढे मंदामावशी. आण्णा नवा फेटा बांधून पाटावर बसले होते.

"या, या, बसा," आण्णा म्हणाले. "तोंडं का पडली? कोन गेलं?"

सगळ्यांनी मंदामावशींकडे बघितलं. शेवटी मंदामावशी म्हणाल्या, "तुम्ही."

आण्णांनी थोडा विचार केला. "मला कुनी सांगितलं नाय."

आत्या उठली. "सुभाष, मास्क काढ." बाबांनी काढला. आत्याने हंबरडाच फोडला. "बापाच्या देखत रे! भरल्या पूजेत!"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा."

चाळीस माणसं माझ्याकडे वळली. एवढ्या लोकांपुढे मी जन्मात पहिल्यांदा बोलले, ते रिफ्रेश रेटबद्दल. "म्हणजे चार फ्रेम्स, म्हणजे चित्रं, रांगेत... आणि अंधारात..." भटजींनीही पोथीवर बोट ठेवून ऐकलं. कुणालाच काही कळलं नाही.

"आन तो फोन," आण्णा म्हणाले. त्यांनी फोन समोर धरला, हात हलवला, थांबवला.

"मी थांबलो तरी हा हलतोय."

"तो पाव सेकंद मागे आहे, आण्णा."

"म्हंजे मी थांबल्यावरबी हा थोडा चालनार?"

"हो."

"बरं हाय की!" त्यांनी फोन मला परत दिला आणि भटजींना खूण केली. "चालू करा पूजा. सुभाषची मिशी उगवंपर्यंत मी कुठं जात नाय."

पूजा पार पडली. शोक करायला आलेली माणसं पंगतीला बसली. मंदामावशींनी दोनदा बासुंदी घेतली.

सोमवारी ऑफिसात चाचणीचा तक्ता भरायचा होता. मी लिहिलं: चित्र अजिबात अडखळत नाही. वापरणाऱ्याची एकही तक्रार नाही. यात खोटं काहीच नव्हतं. वापरणारा माझ्याशी बोलतच नव्हता.