मॅटिनीला आई बोलली तेव्हा

माझी आई मनोरुग्ण होती.

हा शब्द मला फार उशिरा कळला. सत्तरच्या दशकात भिवंडीजवळच्या आमच्या कोन गावात त्यासाठी एकच शब्द होता. येडी.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. आणि सकाळपासून मला रडू कमी, हसू जास्त येतंय.

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. आई ठाण्याच्या दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती.

आजारात ती झोपायचीच नाही. गात बसायची, घरातले तांदूळ आळीभर वाटून टाकायची. मग एकदम गप्प. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

दवाखान्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती.

बाबा भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला. शुक्रवारी सुट्टी. म्हणाले, "चला, पिक्चरला जाऊ." आईला जरा बरं वाटावं, एवढंच त्यांच्या मनात.

आणि पिक्चरमध्ये नेमकी हिरोची आई वेडी!

केस मोकळे, डोळे वटारलेले, पायात साखळी. ती हसली की थिएटरमध्ये शिट्ट्या.

बाबा उठलेच. "चल, घरी जाऊ."

"बसा खाली. तिकीट काढलंय." आईने पडद्यावरची नजरसुद्धा हलवली नाही.

मी तिचा पदर मुठीत धरून बसले.

शेवटी ती बाई जिन्यावरून गडगडत खाली आली. डोक्याला मार लागला. डोळे उघडले आणि म्हणाली, "बेटा!"

झाली बरी! सगळं थिएटर मुसमुसायला लागलं.

आणि आमची आई, चांगली मोठ्यांदा,

"अवो, इतकंच व्हतं तर मला ठाण्याला कशाला नेलात? आपल्या माळ्याला शिडी न्हाय काय?"

बाबा आधी थिजले. मग असे हसत सुटले की पुढची खुर्ची धरून ठेवावी लागली.

त्या खुर्चीतला लूमवाला डोळे पुसत मागे वळला. "चाची, चुप बैठो ना. रोने का सीन है!"

"मेरा रोने का हो गया, भैया. अब तुम रोओ."

तोही हसला. आमची अख्खी रांग हसली. कितीतरी महिन्यांनी आई हसत होती, आणि तिच्यावर कुणी हसत नव्हतं.

बाहेर भजी खाताना मी विचारून टाकलं.

"आई, तुला पण साखळी बांधायचे?"

"न्हाय गं बाय. गोळ्या द्यायचे. एक नर्सबाई हाय, ती माझी वेणी घालायची."

"परत जाशील?"

बाबा खायचे थांबले.

"डोकं बिघडलं तर जायला लागंल. पन बरी झाले की येईन. तू भिऊ नको."

त्या दिवसापासून घरात आजाराचं नाव उघड घेतलं जाऊ लागलं. पुढे ती खरंच पुन्हा दवाखान्यात गेली. शाळेत पोरींनी विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, "आई आजारी आहे. बरी झाली की येणार."

आणि ती आली. एसटीतून उतरली ती थेट अंगणात. शेजारणींना म्हणाली, "बघत काय बसल्यात? च्या टाका."

मग आयुष्यभर गोळ्या घेतल्या. मधूनमधून वाईट दिवस यायचे, जायचे. माझ्या लग्नात नाचली. नातवंडांना मांडीवर घेऊन गायली.

गेली ती म्हातारी होऊन, दुपारी जेवून आडवी झाली तेव्हा झोपेतच.

आई, तू आम्हाला घाबरत जगायला शिकवलं नाहीस.

तुला वाकून नमस्कार गं. सुखाने राहा.