नाक्यावरच्या कॅप्सूल आणि पोटातले जंतू

सत्तरच्या दशकात आमचे हे कामतघरला कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. पोटात सारख्या कळा, परसाकडे रक्त. माणूस सारखा संडासला धावला की मागे सूत तुटतं, कापड बिघडतं. शेठने सांगूनच टाकलं होतं, "पोट बरं कर, नाहीतर दुसरा कारागीर बघतो."

कारखान्यात सगळ्यांनी दोष धोट्यावर, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नळीवर, ढकलला. धोट्यात सुताची नवी कांडी घातली की भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं, ही तिथली रीत. त्याच धोट्याला दिवसपाळी तोंड लावणार, रातपाळीही लावणार. "दूसरे का जूठा पेट में गया, और क्या!" शेजारच्या लूमवरचा म्हणायचा. ह्यांना ते पटलं. धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरकडून जंतू मारायच्या कॅप्सूल आणायचे आणि चण्यासारख्या खायचे. गुण काडीचा नाही.

शेवटी मी ओढत ठाण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत."

"बाई, धोट्यावरचे जंतू हायेत. ते मारा म्हंजे झालं."

"अहो, जंतू माझ्याही पोटात आहेत. सगळ्यांच्या असतात. तुमच्या आतड्याचं त्यांच्याशी का बिनसलं, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही."

त्यांनी पिवळ्या गोळ्या दिल्या. कितीतरी दिवस घेतल्या, रक्त तसंच. पुन्हा बाईंसमोर जाऊन बसलो. त्यांनी विचारलं, "आणखी काही घेता का?" हे खिशावर हात दाबून बसले. मी खिसा चाचपला, तर नाक्यावरच्या कॅप्सूल!

"दोन्ही घेतल्या तर लवकर बरं वाटंल, म्हणून," हे म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ह्या पिवळ्या गोळीला आतड्यातले जंतू फोडतात, तेव्हा ती लागू होते. तुम्ही त्यांनाच मारताय!"

"म्हंजे जंतूंनाच कामाला ठेवायचं?"

"हो. पगारही मागत नाहीत."

मला हसू आलं नाही. कॅप्सूल तिथल्याच मोरीत ओतल्या.

मग हळूहळू रक्त थांबलं. बरं वाटलं तसं ह्यांनी काय करावं? गोळ्याच बंद! "आता कशाला?" म्हणे. गोळ्या सोडल्या की रक्त परत येईल, असं बाईंनी बजावलं होतं. त्या दिवसापासून मी पाणी घेऊन समोर उभी राहायचे. गिळल्यावर जीभ वर करून दाखवायला लावायचे. चाळीतल्या बाया दारातून बघून हसायच्या. हसू देत. रोग मुळातून गेला नाही, पण ह्यांचा लूम दुसऱ्याच्या हातात गेला नाही.