बाराव्या पानावरची हरकत

माझ्या कपाटातल्या पुस्तकांना हात लावायच्या आधी मी तुम्हां दोघांना हात धुवायला लावत असे, ते तुम्ही विसरला नसाल. परवा फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, ती सगळी पुस्तकं अजून आहेत का?" आहेत. एक सोडून. त्या एकाबद्दल मी घरात फारशी बोलले नाही, कारण चूक माझी होती.

सत्तरच्या दशकात मी बेळगावात मुलींच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत होते. आपलं घर खासबागेत. रविवारच्या बाजारात एक रद्दीवाला बसायचा, त्याच्या पोत्यांतून मी इतिहासाची जुनी इंग्रजी पुस्तकं शोधून आणायची. आणलेलं पुस्तक आधी उन्हात ठेवायचं, मग ब्रशने पानांच्या खाचा झाडायच्या, कुणी पेन्सिलीने रेघोट्या ओढल्या असतील तर खोडरबराने पुसायच्या, खाकी कव्हर घालायचं, आणि वहीत क्रमांक घालून नोंद करायची. वहीत एक रकाना आधीच्या मालकाचा होता. नाव, गाव, पुस्तक त्याच्याकडे कसं आलं असेल, हे मी जमेल तेवढं शोधून भरत असे. तुमचे आजोबा ओसरीवरून विचारायचे, "अगं, आज पुस्तक आणलंस की पेशंट?"

एकसष्टावं पुस्तक मराठ्यांच्या इतिहासाचं होतं, कुणा इंग्रज साहेबाने लिहिलेलं. पहिलं कोरं पान फाटलेलं, त्यामुळे नाव नाही. रद्दीवाला म्हणाला, "निपाणीकडच्या पोत्यात आलतं बघा." खाचांमधून तपकिरी भुकटी निघाली आणि मला सटासट शिंका आल्या. माझे सासरे तपकीर ओढायचे, तो वास मला ओळखीचा होता. भुकटी झाडून टाकली आणि रेडिओ ऐकत ऐकत पेन्सिलीचा मजकूर पुसायला लागले. मजकूर वाचायचं काही कारण नव्हतं. पुस्तकात लिहिणारी माणसं मला आवडत नसत.

चाळीस पानं पुसून झाली. एक्केचाळिसाव्यावर हात थांबला, कारण समासात 'वेदगंगा' हा शब्द दिसला. लेखकाने लिहिलं होतं, फौज दोन तासांत नदी उतरली. बाजूला बारीक, सरळ इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, त्याचा अर्थ असा: श्रावणात वेदगंगा दोन तासांत कुणालाही उतरू देत नाही, साहेबाने नावाड्याला विचारायला हवं होतं. मी खोडरबर खाली ठेवलं. पुढे पानोपानी असंच होतं. इथे बाजार तेव्हा भरत नव्हता, या वाटेने तोफ जाणार नाही, हे गाव साहेबाने पाहिलेलं नाही. आणि अठ्ठावन्नाव्या पानावर: 'मूळ चूक इथे नाही. माझी हरकत पान १२ वर पाहा.' त्र्याण्णवाव्यावर पुन्हा: 'पान १२.' शेवटच्या पानावर: 'पान १२ वरची हरकत मान्य केली की बाकी सगळं कोसळतं.'

बारावं पान मी उघडलं. ते मीच पांढरंशुभ्र केलेलं होतं. भिंग लावून पाहिलं, पान तिरकं धरून उन्हात पाहिलं. माझं खोडरबर चांगल्या प्रतीचं होतं. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'पेन्सिलीच्या खुणा काढल्या, पाने १ ते ४०.'

त्या दिवसापासून मला त्या माणसाला शोधून एवढंच विचारायचं होतं की बाराव्या पानावर तुम्ही काय लिहिलं होतं.

मी पद्धतशीर विचार केला. इंग्रजी उत्तम, 'हरकत', म्हणजे मूळचा 'ऑब्जेक्शन', हा कोर्टातला शब्द, आणि तपकीर. म्हणजे जुना वकील. निपाणीच्या आणि बेळगावच्या जुन्या वकिलांची यादी केली आणि त्यांच्या घरी इंग्रजीत पत्रं पाठवली. एका घरून उत्तर आलं की आमच्या वडिलांनी कायद्याशिवाय काही वाचलं नाही आणि तपकिरीला कधी स्पर्श केला नाही. बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. मग सुट्टीत मी एसटीने निपाणीला जायला लागले. एका वकीलसाहेबांनी चहा दिला, पुस्तक हातातसुद्धा घेतलं नाही, आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाई, एक सांगा, तुम्ही हे कुठल्या बाजूने गोळा करताय? इकडच्या की तिकडच्या?" निपाणी महाराष्ट्राची की कर्नाटकाची, या वादासाठी मी पुरावे जमवते आहे असं त्यांना वाटलं. मी सांगितलं, मला फक्त पान बारा हवंय. ते हसले आणि म्हणाले, "तसंच सांगायचं असतं." त्यांचं घर एका तंबाखूच्या वखारीमागे होतं. मी तिथे तीनदा गेले. प्रत्येक वेळी नाकाला रुमाल लावून वखारीवरून चालले.

अशी सात-आठ वर्षं गेली. तुमचे आजोबा म्हणायचे, "सोड की आता. तूच काहीतरी लिही त्या पानावर." मला त्याचा फार राग यायचा.

मग आमच्या शाळेत निपाणीची एक तरुण शिक्षिका आली. आईने विड्या वळून शिकवलेली, हुशार, स्पष्ट बोलणारी. एकदा मी तिला माझ्या शोधाबद्दल सांगितलं आणि ते पुस्तक शाळेत नेलं. तिने उघडलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "बाई, हे वखारीतनं आलंय."

"ती तपकीर आहे," मी म्हटलं.

"कुणाची तपकीर? चाळलेली तंबाखू आहे ही. माझं सगळं बालपण ह्या वासात गेलं." तिने समास वाचला आणि थांबली. "आमच्या गल्लीतल्या आप्पांचं अक्षर आहे. वखारीत तंबाखू चाळायचे. आम्हां पोरींना इंग्रजी त्यांनीच शिकवलं. तुम्ही इतकी वर्षं कुणाला विचारत होता?"

मी यादी सांगितली. तिने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

पुढच्या रविवारी दोघी गेलो. बुद्धविहारामागची गल्ली, त्याच वखारीच्या दुसऱ्या अंगाला. आप्पा ओट्यावर बसले होते, जाड भिंगाचा चष्मा, एक डोळा गेलेला.

"आप्पा, बेळगावच्या बाई आल्यात. तुमचं पुस्तक घेऊन."

त्यांनी आधी खाकी कव्हर काढलं. पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "माझंच हाय. बेळगावच्या कॅम्पातल्या लिलावात घेतलं हुतं. थोरल्या सुनेनं घराला चुना लावताना पोतंच्या पोतं रद्दीत घातलं. मी बी लई शोधलं."

"'हरकत' शब्दावरून मला वाटलं, तुम्ही वकील असाल," मी म्हटलं.

ते खूश झाले. "एकदा साक्षीला गेलतो कोर्टात. त्यो शब्द लई आवडला बघा. कुणी बी उठायचं आन् हरकत घ्यायची!"

मग त्यांनी थेट बारावं पान काढलं. डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं. "हितं मी लिवलं हुतं. कुठं गेलं?"

"मी पुसलं," मी सांगितलं. "मला वाटलं, कुणीतरी पुस्तक घाण केलंय."

बोलून गेल्यावर तो शब्द माझा मला ऐकू आला. शिक्षिका गल्लीकडे बघत राहिली. आप्पांनी पानावर बोट फिरवलं. "लई सोच्छ पुसलंय. मंजी आता हे पान परत सायबाचंच झालं की."

मी विचारलं, काय लिहिलं होतं, थोडं तरी आठवतं का? हवं तर पान वाचून दाखवते. त्यांनी मान हलवली, मी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"न्हाय आठवत," शेवटी म्हणाले. "किती सालं झाली, बाई. पर बरोबर लिवलं हुतं, येवढं आठवतंय."

पुस्तक मी तिथेच ठेवलं. कव्हरचा खाकी कागद तेवढा त्यांनी घडी करून मला परत दिला. वहीत मालकाचा रकाना भरला आणि पुढे 'परत दिले' असं लिहिलं. त्या वहीतली एवढी एकच नोंद तशी आहे. खोडरबर मी त्यानंतर कपाटाजवळ ठेवलं नाही, पण त्याने काय व्हायचं होतं? आप्पा दुसऱ्या वर्षी गेले.

त्याच आवृत्तीची दुसरी प्रत मला नंतर कोल्हापूरला मिळाली. समास कोरे. बारावं पान मी किती वेळा वाचलं असेल, मोजलेलं नाही. एका ओळीवर पेन्सिल टेकवते आणि उचलते. इतिहासाची पदवी, तीस वर्षांची नोकरी, आणि त्या पानावर मला हरकत घेण्यासारखं काहीच दिसत नाही. साहेबाने लिहिलेलं सगळं मला पटतं. तुमच्यापैकी कुणाला ती हरकत सापडली, तर मला लगेच फोन करा.