आठ साते चौपन्न

दूध वर यायच्या बेतात होतं आणि काकू चिमटा हातात धरून गॅसपाशी उभ्या होत्या. दुधाकडे बघत राहिलं की ते येत नाही आणि पाठ फिरवली की धावत येतं, हे त्यांच्या यजमानांचं, म्हणजे सरांचं, लाडकं मत. "पोरांसारखंच असतं ते," असं म्हणायचे, "मास्तरची पाठ फिरायचीच वाट बघतं." आजही तेच झालं. दारावर थाप पडली, काकूंनी मान वळवली, आणि दूध ओट्यावर.

"आले, आले!" फडकं तसंच हातात घेऊन त्यांनी दार उघडलं.

दारात शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यामागे कानावर पेन्सिल खोचलेला सुतार, अंग चोरून उभा. दोघंही सरांचेच विद्यार्थी.

"फार सकाळी आलो का, काकू?"

"तू कधी वेळेवर आलीयेस, चिमणे? शाळेचं फाटक उघडायच्या आधी आमच्या पायरीवर येऊन बसायचीस." अख्खी शाळा जिला वचकून असते तिला या घरात अजून चिमणीच म्हणत, कारण लहानपणी तिची चिवचिव थांबत नसे. "आत या. दूध सांडलंय, पण चहापुरतं उरलंय."

सरांना जाऊन महिना होत आला होता. भेटायला येणारे आता थांबले होते. खुंटीवरचा सदरा मात्र काकूंनी हलवला नव्हता. चिमणीचं लक्ष तिकडे गेलं आणि ती घाईघाईने बोलू लागली.

"काकू, मागच्या बाजूची ती छोटी खोली आहे ना, जिथे सर कच्च्या मुलांचा तास घ्यायचे? तिथला फळा मी कुणाला पुसू दिलेला नाही. सरांचा शेवटचा तास आहे त्यावर. आणि मधल्या ओळीत काय लिहिलंय माहितीये? आठ साते चौपन्न!" ती हसली, आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. "जाता जातासुद्धा चूक पेरून गेले बघा. पोरांनी पकडायच्या आत घंटा झाली असणार. आम्ही त्या फळ्यावर काच बसवतोय. खाली पाटी, 'सरांची शेवटची चूक'. शेजारी त्यांचा एक फोटो हवा. आणि तुमचा होकार."

"काच जाड घालतो, काकू," सुतार म्हणाला. "दोन पिढ्या हलायची नाही."

"बसा. आधण ठेवते," एवढंच म्हणून काकू आत गेल्या.

सरांच्या चुका गावभर प्रसिद्ध होत्या. रोज शिकवताना एक चूक ते मुद्दाम फळ्यावर पेरायचे. ज्याला ती दिसेल त्याने उभं राहून "सर, पकडलं!" म्हणायचं. मग सर कपाळावर हात मारून घ्यायचे, त्याच्या हातात खडू द्यायचे, आणि त्याने स्वतः पुसून बरोबर लिहायचं. सर म्हणायचे, "शाबास. आज मी शिकलो. बस खाली." जो मास्तर चुकतच नाही त्याच्या वर्गात पोरं पेंगतात, असं त्यांचं म्हणणं. हा सुतार गणितात कायम काठावर, पण चूक पकडायला सगळ्यांच्या पुढे. नापास झाला तेव्हा घरी येऊन रडला होता. सर त्याला म्हणाले होते, "अरे, मला पकडतोस आणि परीक्षेला घाबरतोस?"

घरातही तोच खेळ. लेकीच्या परीक्षेच्या सकाळी सदऱ्याची गुंडी मुद्दाम चुकीच्या काजात घालायचे. धास्तावलेली पोर ते बघून हसायची, "बाबा, पकडलं!" म्हणत गुंड्या नीट लावायची, आणि भीती त्या गुंड्यांतच विसरून जायची. तिची वेणी तेच घालत. भाजी तेच निवडत, आणि निवडता निवडता एखादी काडी मुद्दाम पातेल्यात टाकत.

"वर्गात काय चुकायचं ते चुका," काकू म्हणायच्या. "संसारात एवढ्या चुका नकोत."

"संसारात मी एकच गोष्ट बरोबर केली. तुला पसंत केलं."

"आणि मी तिथेच चुकले."

"पकडलं!"

एक गोष्ट मात्र काकूंखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. मुद्दाम चूक करताना सर गुणगुणायचे. गाणं नव्हे, नाकातल्या नाकात एक सूर. वर्गात तो खडूच्या किरकिरीत बुडून जाई. काकूंनी मात्र लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो हेरला होता. सूर आला की समजायचं, आता काहीतरी पेरतायत.

निवृत्तीनंतरही शाळेने त्यांना कच्च्या मुलांसाठी बोलावून घेतलं होतं. ते खुशीत जात. मग एका सकाळी त्यांनी साखरेच्या डब्यात चहापूड ओतली. काकू हसत वळल्या, "पकडलं!" आणि तोंडातला शब्द संपायच्या आत त्यांच्या ध्यानात आलं की सूर आलाच नव्हता.

पुढे गुंड्या रोज चुकू लागल्या. मग नावं चुकू लागली. ओळखीच्या गल्लीत वळण चुकलं. लेक फोनवर हसायची, "आई, बाबांचं चालूच का अजून?" शाळेत तर टाळ्या पडत. सर एका तासात चार चार चुका करतात म्हणून पोरं खूश. त्यांची सगळी हयातच अशी गेली होती की खरी चूक कुणाला ओळखू येणार? आंधळ्या कोशिंबिरीत खरोखरच दिसेनासं झालेल्या माणसासारखं झालं होतं त्यांचं. काकूंना कळत होतं. तरी दरवेळी त्या तितक्याच हसून "पकडलं!" म्हणत, कारण ते ऐकलं की सरांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ निवळे आणि ते म्हणत, "शाबास. बस खाली."

शेवटच्या तासाच्या दिवशी ते घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. खांद्यावर खडूची भुकटी.

"आज फळ्यावर काहीतरी राहिलं," म्हणाले. "कुणी हातच वर केला नाही. कुणीतरी पुसायला हवं होतं."

"काय राहिलं?"

"तेच तर आठवत नाही." मग आपल्या हातांकडे बघत अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हल्ली मी गुणगुणतो का गं?"

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. तो सूर त्यांनाही ठाऊक होता, आणि तो हरवलाय हेही. पण काकू फटकन म्हणाल्या, "गुणगुणता की! सकाळपासून डोकं उठवलंत माझं."

सरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "पकडलं" म्हणाले नाहीत. मान हलवली आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागले. "उद्या जाऊन पुसून येतो," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. तापात ते मधूनच उठून बसत आणि हात हवेत फिरवत. लेकीला वाटलं, शिकवतायत. काकूंना दिसत होतं, ते पुसतायत. छातीत कफ साठत गेला. मग दवाखाना, आणि मग रिकामी खुर्ची.

चहा उकळून काळा झाला होता. काकूंनी तो गाळला, कप बाहेर नेले. चिमणीने सदऱ्याकडे पाहणं अजून सोडलं नव्हतं.

"काकू, तुम्हाला आवडलं नाही का? सगळ्या पोरांना दाखवणार आहोत. शेवटपर्यंत सर कसे मिश्कील होते ते."

खरं काय ते काकूंच्या ओठांपर्यंत आलं. पण टाळ्या या पोरीनेही वाजवल्या होत्या. आता सांगितलं तर ती त्या टाळ्या जन्मभर ऐकत बसेल. आणि न सांगावं, तर ते चौपन्न काचेआड तसंच राहील. येणारे जाणारे हसतील, आणि जे पुसायला ते तापातून उठत होते ते पुसायची कुणाला सोयच उरणार नाही.

"फोटो देते," काकू म्हणाल्या. "हवा तेवढा मोठा करून लावा. काच मात्र नको."

सुताराने कप खाली ठेवला. "मग फळा राहणार कसा, काकू?"

"राहायला नकोच आहे तो." काकूंनी चिमणीचा हात हातात घेतला. "माझं एवढंच कर. उद्या त्या खोलीत कच्च्या मुलांना बसव. चूक आहे हे सांगू नकोस, नुसती वाट बघ. कुणी हात वर केला की खडू त्याच्या हातात दे. त्याला चौपन्न पुसू दे, आणि छप्पन्न लिहू दे."