पायी चालण्याचा गुन्हा

निखिलचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत धुणं वाळत घालत होते. "काकू, आई गेली. रस्ता ओलांडत होती..." विजयाताईंना, विद्यापीठात आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माझ्या मैत्रिणीला, चंदीगडला लागून वाढत चाललेल्या मुल्लानपूरच्या नव्याकोऱ्या रस्त्यावर एका गाडीनं उडवलं होतं. गाडी थांबलीसुद्धा नाही. दीड महिना होत आला. रडू ओसरलं, संताप ओसरत नाही.

विजयाताई मूळच्या साताऱ्याच्या. त्यांचे यजमान आणि माझे, दोघे चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत. त्यामुळे आम्ही शेजारणी झालो. शहरं कशी वाढतात हा त्यांचा विषय, आणि तो त्या पायांनी शिकवायच्या. विद्यार्थ्यांना घेऊन डेराबस्सीला जायच्या, कारखान्यांच्या उग्र वासात उभं करून सांगायच्या, "हे गाव कारखान्यांनी वाढवलं. कामगार राहणार कुठे, हे कुणी आधी ठरवलंच नाही." एकदा मी नव्या नवलाईनं चंदीगडच्या सरळ रस्त्यांचं, झाडांचं कौतुक करायला लागले तर म्हणाल्या, "कर, पण जपून कर. याच्याही पोटात गावं गडप झालीत. फक्त इथे माणूस पायी चालेल, एवढं तरी कुणीतरी गृहीत धरलं होतं."

यजमान गेल्यावर निखिलनं मुल्लानपूरला फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन गेला. प्रेमानंच नेलं, त्याचा दोष नाही. जाहिरातीत हिरवळ होती, कारंजं होतं, हसणारे आजी-आजोबा होते. नव्हता तो फुटपाथ. मोहरीची शेतं होती तिथे रुंद, गुळगुळीत रस्ता झाला होता आणि त्याच्या पलीकडे उरलेल्या गावात ताजी भाजी मिळायची. विजयाताई रोज पिशवी घेऊन निघायच्या. भाजी मागवायला फोनवर ॲप होतं, सून म्हणायची, "आई, मागवते ना मी." त्या म्हणायच्या, "भाजीबरोबर चार शब्द पण मागव मग."

ती सोसायटी बांधणाऱ्या बिल्डरच्या ऑफिसात एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. रस्त्यावर पट्टे मारा, एक सिग्नल बसवा, एवढंच मागणं. एसीत बसलेला तो तरुण मॅनेजर अदबीनं हसला. "मॅडमजी, यहाँ पैदल कौन चलता है?"

"मैं चलती हूँ," विजयाताई म्हणाल्या. "और जो औरतें आपके घरों में बर्तन माँजती हैं, वो उड़कर आती हैं क्या?"

त्यानं चहा मागवला. पट्टे काही मारले नाहीत.

आणि शोकसभेत, त्याच सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, एक गृहस्थ हळहळून म्हणाले, "इस उम्र में पैदल निकलने की ज़रूरत ही क्या थी?" माझा तोल गेला. मी उभी राहून ओरडले, हो, ओरडलेच, की ज्या शहरात म्हातारीनं कोथिंबीर आणायला जाणं ही चूक ठरते, ते शहर नाही, गाड्यांचा गोठा आहे! निखिल माझा हात धरून मला बाहेर घेऊन आला. बाहेर आल्यावर मात्र तो माझ्याहून जोरात रडला.

गेल्या आठवड्यात त्याच्याकडे गेले होते. रस्त्यावर आता खरंच काहीतरी बसवलंय... एक चकचकीत पाटी. 'पैदल सड़क पार न करें.'

वर विजयाताईंच्या खोलीत त्यांची वेताची खुर्ची तशीच होती, टीव्हीकडे पाठ करून खिडकीला लावलेली. मी तिच्यात बसले. खाली दुभाजकावर एक कामवाली कडेवर लेकरू घेऊन उभी होती. एकामागून एक गाड्या जात होत्या. कुणी वेग कमी करेना.

"काकू, काच लावू का? आवाज फार येतो," निखिल म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "येऊ दे आवाज." आणि चपला घालून खाली निघाले. लिफ्टशी पोचले तर मागे निखिलची पावलं वाजली.

आम्ही दोघं हात आडवे करून रस्त्याच्या मधोमध उभे राहिलो. हॉर्न वाजत राहिले, शिव्याही आल्या. ती बाई पलीकडे पोचेपर्यंत आम्ही हललो नाही.