विजूची अपुरी लस

विजू गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. तिचा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, सुटली गं ती." मी घरी आले आणि दूध तापवलं. महिना होऊन गेला… शीण काही जात नाही.

मुलुंडच्या लहानशा प्रयोगशाळेत आम्ही दोघी बरोबरच लागलो. त्याच सुमारास घाटकोपरला तिची वहिनी स्टोव्हच्या भडक्यात भाजली. भाजण्यातून ती वाचलीही असती, पण जखमांत हिरवट पू करणारे जंतू शिरले आणि ते एकाही औषधाला दाद देईनात. धडधाकट माणसाच्या वाटेला हे जंतू सहसा जात नाहीत. खचलेलं शरीर दिसलं की घुसतात. वहिनी गेली, आणि यांच्यावर लस करायचीच, हे विजूने मनावर घेतलं ते घेतलंच.

या जंतूंच्या अंगावर साखरेचं वेष्टण असतं. नुसत्या साखरेची शरीर फारशी दखल घेत नाही, म्हणून ती धनुर्वाताच्या लशीतल्या प्रथिनाला जोडायची आणि सशांना टोचायची. ससे प्रथिनाला जोरात प्रतिसाद देत, साखरेला नाही. "सगळे घोड्यालाच ओवाळतायत यार, नवरदेवाकडे कुणी बघतच नाही!" ती वैतागायची. पुन्हा जोडणी, पुन्हा ससे. वर्षं अशीच गेली. साहेब म्हणाले, आता पुरे करा. ही ढिम्म. रक्त घेण्याआधी सशाचा कान चोळत त्यालाच दटावायची, "हलू नको रे मेल्या, तुझ्यावरच सगळं आहे."

मग तिलाच रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांनी अंगातली ताकद गेली आणि तेच जंतू तिच्या छातीत शिरले. मी भेटायला गेले तेव्हा तिला ते कळलेलं होतं.

"आले बघ आपले पाहुणे," ती हसायला गेली आणि खोकत राहिली… "शेवटच्या सशांचं रक्त तपासलंस?"

"नाही गं, अजून."

"मग तपास ना. माझ्यासाठी कशाला थांबलीस?"

मला तिचा रागच आला. जीव जायची वेळ आली तरी हिचे आपले ससेच!

ते रक्त मी गेल्या आठवड्यात तपासलं. मारलेल्या जंतूंच्या गढूळ थेंबात एका सशाच्या रक्तातलं पाणी मिसळलं, काचपट्टी हलवली, आणि थेंबात हळूहळू दाणे धरले. सशाच्या शरीराने साखर ओळखली होती. एका सशात जमलं म्हणजे माणसांची लस झाली नाही, हे तिनेच आधी सुनावलं असतं. तरी मी सवयीने खिडकीजवळच्या तिच्या स्टुलाकडे वळले. "विजू, ये गं, बघ तरी…"

थेंब वाळून जाईपर्यंत ती पट्टी हातात धरून मी तशीच उभी होते.