शाडूचा हात

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलेय, पण लिहायला कधी धजावले नाही. एक तर लिहायची सवय नाही, आणि दुसरं म्हणजे माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता... अजिबात नव्हता. त्याला कारण आहे. मी पेण तालुक्यातली. माझे बाबा गणपतीच्या कारखान्यात साच्यात माती भरायचं काम करतात. बिनडोळ्यांचे, बिनहातांचे कितीतरी गणपती मी फळीवर एकमेकांना टेकून ठेवलेले पाहिलेत. शाळेतून आल्यावर त्यांच्या अंगावरच्या भेगा ओल्या बोटानं बुजवत मी पाढे पाठ केलेत. त्यामुळे माती ही माती असते, तिच्यात जे येतं ते पुजणाऱ्याच्या मनातून येतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तरीही हे लिहितेय. माणसांची नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसंच आहे.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. मानसशास्त्रात एम.ए. करायला पुण्यात आले तेव्हा इंग्रजी पुस्तकातलं एकेक वाक्य पुन्हा पुन्हा वाचावं लागायचं. अनुराधा मॅडमनी मला त्यांच्या केंद्रात घेतलं नसतं, तर मी सामान बांधून परत गेले असते. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. सहकारनगरमध्ये एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं केंद्र आहे. तिथे किशोरवयीन आणि तरुण मुलांसाठी आर्ट थेरपी चालते. नैराश्य, भीतीचे झटके, स्वतःला इजा करून घेणं... ज्यांना बोलता येत नाही ती मुलं तिथे चित्रं काढतात, कागद फाडून चिकटवतात, माती मळतात. छान यायलाच हवं असा आग्रह नसतो.

"पेणची ना तू? मग मातीचा गट तुझा," मॅडम म्हणाल्या. "मला मेलीला त्यातलं चिखलापलीकडे काही कळत नाही."

मातीच्या गटाला मॅडमनी एक नियम घालून दिला होता. ज्याचा राग आहे, ज्याची भीती आहे, ते शाडूत करायचं. काम अपुरं असेल तोवर ओल्या फडक्यात गुंडाळून आपापल्या फळीवर ठेवायचं. पुरं झालं की फडकं काढून वाळू द्यायचं, आणि मन तयार झालं की बादलीत बुडवायचं. वाळलेली शाडू पाण्यात पडली की बुडबुडे सोडत बघता बघता विरघळते. तो गाळ टबात जायचा, निथळला की तीच माती पुन्हा मळून सगळ्यांना. पण बुडवायचं ज्याचं त्यानंच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

रेवा आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कॉमर्सला होती, पण कॉलेजला जाणं बंद झालेलं. वडील नव्हते. ती आणि तिची आई मामाच्या घरी राहायच्या. मामी वारलेल्या. मामा स्वतः गाडीवरून तिला सोडायला यायचा, येताना आम्हा सगळ्यांना बाकरवडी आणायचा. सोसायटीचा चेअरमन, हसतमुख, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा माणूस. खरं तर वयानं मोठा आहे, मी 'यायचे, आणायचे' असं लिहायला हवं. पण हात वळत नाही.

रेवा बोलायची नाही. महिनाभर नुसती माती थापटत राहिली. मग हळूहळू एक आकृती आकाराला आली : गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मुलगी, आणि तिच्या पाठीमागून आलेला, तोंडावर दाबलेला एक हात. पाठीमागे माणूस नाही. नुसता हात, मुलीच्या मानानं फार मोठा. अंगठ्याच्या नखाला तिनं दाभणानं मधोमध एक उभी चीर दिली होती.

"झालं का गं?" मी विचारलं.

"नाही ताई. हा हात अजून पूर्ण व्हायचाय," ती म्हणाली आणि फडकं गुंडाळून फळीवर ठेवून गेली.

तिच्यासोबत मी खाली गेले, तर मामा चहा पीत उभा होता. कप धरलेल्या त्याच्या उजव्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं. जुन्या कुठल्यातरी मारानं नख मधोमध उभं दुभंगलेलं होतं.

मी धावत वर जाऊन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मातीवरून तक्रार देता येत नाही. तिला बोलू दे. तोवर आईशी मी बोलते." त्यांनी आईला बोलावून घेतलं, घरात रेवाला कुणाची भीती वाटते का, एवढंच विचारलं. पण आईला रोख कळला.

"मॅडम, दादा नसता तर आम्ही दोघी रस्त्यावर असतो," ती माउली म्हणाली. "चिखलाच्या गोळ्यावरून तुम्ही माणसं उठवाल का आयुष्यातून?"

पुढच्या वेळी मामा एकटाच आला. "रेवाला आता एकदम बरंय. माती-बिती नको म्हणते," असं हसून सांगून गेला. त्यानंतर मॅडमनी कितीदा फोन केले, कुणी उचलले नाहीत.

फडक्याला मी रोज पाणी मारत राहिले. शेवटी मॅडमनीच एक दिवस ते काढलं, आकृती वाळू दिली आणि बादलीपाशी नेली.

"मॅडम, ज्याचं त्यानं..." मी म्हटलं.

"नियम मीच केलाय, ठाऊक आहे मला. पण ती पोर येणार नाही. तिचा राग आपण असा ओला ठेवून जपणं बरं नव्हे. तिच्या वतीनं मी बुडवते."

मुलगी विरघळली. हात विरघळला नाही. तळाशी तसाच पडून राहिला, अगदी भाजल्यासारखा. लहानपणापासून शाडू हाताळतेय, असं कधी पाहिलं नव्हतं. मॅडमनी तो टबातल्या गाळात दाबला, तेव्हा कुठे फुटला. त्यांनी तो मातीत मळून टाकला.

तिथून सुरू झालं.

आमच्या गटात सोहेल होता. कॅम्पातला, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. भीतीचे झटके यायचे, पण बरा असला की सगळ्यांना हसवायचा. त्या आठवड्यात त्यानं घोडा करायला घेतला आणि थोड्या वेळानं ओरडला, "ताई, ये कैसी मिट्टी है? मी घोडा करतोय आणि पंजा होतोय! आता नाल ठोकू की मॅनिक्युअर करू?"

सगळे हसले. मी जवळ गेले. पंजाच होता, अंगठ्याच्या नखावर उभी चीर. सोहेल सकाळच्या बॅचचा. त्यानं रेवाला पाहिलं नव्हतं, मामालाही नाही. मी चीर कुणी दिली विचारलं, तर म्हणाला, "मी नाही दिली. आपोआप गेली." तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या मुलीनं आपलं काम हळूच पुढे सरकवलं. तिनं मांजर करायला घेतलं होतं. तोच हात, तेच नख.

"गटात एकाचं दुसऱ्याच्या हातात उतरतं," मॅडम म्हणाल्या. "किंवा तुझ्या-माझ्या चेहऱ्यावरचं मुलं वाचतात." पण हे सांगताना त्या नळाखाली हात घासघासून धूत होत्या.

मी टब ओतून टाकू का म्हणून विचारलं. त्या नको म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर मलाही तो ओतायचा नव्हता. त्या मातीला कुणाची तरी वाट पाहायची आहे असं मला वाटायला लागलं होतं. मानसशास्त्र शिकलेल्या बाईनं असं लिहू नये... पण वाटत होतं.

दरवर्षी गणपतीआधी आमच्याकडे पालकांसाठी शाडूचा गणपती करायची कार्यशाळा असते. त्या वर्षी रविवारी सकाळी हॉल भरलेला असताना जिना चढून मामा आला. इस्त्रीचा झब्बा. मागे रेवा आणि तिची आई. निमंत्रण यादीतल्या सगळ्यांना जातं, तसं त्यांनाही गेलं असणार.

"म्हटलं, मॅडमना आपण विसरलो असं वाटायला नको!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमच्यामुळे पोरगी बघा किती शांत झालीये."

रेवा शांत होती खरी. आपल्याच तळव्यात नखं रुतवून शांत होती.

तिच्या आईनं मला बाजूला घेतलं. मागचं मनात नसावं, किंवा विसरायचं ठरवलं असावं. "उद्या मी नाशिकला निघतेय, मोठ्या लेकीच्या बाळंतपणाला. चांगली दोन-तीन महिने राहीन. रेवा दादाकडेच आहे, म्हणून बघा जिवाला घोर नाही."

मी म्हटलं, "काकू, रेवाला माझ्याकडे राहू द्या ना. होस्टेलवर माझ्या खोलीत जागा आहे."

मागून मामा हसला. "अहो ताई, घर असताना पोरगी होस्टेलवर कशाला? मी काय मेलोय?"

मातीवरून तक्रार देता येत नाही. मी टबापाशी गेले, सगळ्यांना गोळे वाटले, आणि त्याला सगळ्यात मोठा दिला.

मामाची बोटं चालू, बोलणं चालू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून कोण कसं भांडलं याचा किस्सा रंगात आला होता. समोरच्या बायका आधी हसत होत्या. मग एकेक जण हसायची थांबली. त्याच्या ते ध्यानात आलं नाही. तो म्हणत होता, "मी म्हटलं, अहो, चेअरमन मी आहे, मी सांगतो तेच..." आणि मग त्यानं खाली पाहिलं.

गणपती नव्हता. गुडघे पोटाशी घेतलेली मुलगी होती. पाठीमागून आलेला हात तिच्या तोंडावर. हुबेहूब तीच, जी मॅडमनी बुडवली होती. आणि ती त्याच्या हातांनी, सगळ्यांच्या देखत, भर उजेडात घडवली होती.

त्यानं ती चुरडायला मूठ आवळली. माती दबली नाही. त्यानं हात ओढला, तो निघाला नाही. मी दोन पावलांवर होते, मी पाहिलं. मातीच्या त्या हाताची बोटं त्याच्या अंगठ्याभोवती वळलेली होती. मामा गुरासारखा ओरडला आणि हिसका देऊन मागे पडला. मातीखालचा पाट कलंडला नाही. आकृती जागेवर बसून राहिली. हात पुन्हा मुलीच्या तोंडावर.

रेवा उठली. तिचा आवाज मी इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता.

"आता पूर्ण झाला हात. तुझाच आहे, मामा."

"पोरीचं डोकं फिरलंय," मामा म्हणाला. उजवा हात त्यानं झब्ब्याच्या खिशात घातला होता.

तिची आई टेबलापाशी गेली. वाकून त्या मातीच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. भावाचा तो अंगठा लहानपणी दारात चेंगरला, तेव्हा फुंकर घालणारी तीच होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

"दादा, हात दाखव."

"माई, तू पण काय..."

"हात बाहेर काढ, दादा."

त्यानं काढला नाही. जिन्याकडे निघाला. वाट अडवायला कुणी गेलं नाही, पण वाट द्यायलाही कुणी सरकलं नाही. खुर्च्यांमधून धडपडत तो खाली गेला. मला त्याची दया आली नाही. उलट तो जिन्यात एकदा अडखळला, तेव्हा पडावा असं मनापासून वाटलं.

रेवा त्या घरात परत गेली नाही. तिची आईसुद्धा नाही. त्या रात्री दोघी माझ्या खोलीत राहिल्या, नंतर नाशिकला गेल्या. परत आल्यावर रेवानं स्वतः जाऊन तक्रार दिली. केस चालू आहे, म्हणून त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

ती आता पुन्हा केंद्रात येते. मामाच्या हातून झालेली ती आकृती मॅडमनी तिच्या फळीवर ठेवली होती. "तुझी आहे. फडकं गुंडाळू?" त्यांनी विचारलं.

"नको," रेवा म्हणाली. "पुरं झालंय ना? वाळू द्या."

मध्यंतरी तिची आई कोर्टातून थेट केंद्रात आली. भावाला पाहून आली होती. "उजव्या हाताला सारखं ओलं फडकं गुंडाळून असतो," ती सांगत होती. "सोडलं की कातडी तडकते. डॉक्टर झाले, मलमं झाली. अंगठ्याच्या नखापासून भेग निघालीये ती मनगटापर्यंत. रक्त येत नाही म्हणे. करडी पूड पडते नुसती."

आम्ही सगळ्यांनी एकदमच फळीकडे पाहिलं. वाळलेल्या त्या मातीच्या हाताला नखाच्या चिरेपासून मनगटापर्यंत भेग गेली होती. खाली फळीवर करडी पूड.

मॅडमनी बादली पुढे सरकवली. "रेवा, बुडवायचं का आज?"

रेवानं भेगेवरून डोळे काढले नाहीत. "नाही मॅडम. अजून वाळायचंय."

मॅडमनी बादली मागे ओढून घेतली. नियम त्यांचाच होता.

मी खूप विचार केला. मातीमुळे कातडीचा रोग म्हणावं, तर तीच माती आम्ही सगळे रोज मळतो, आमचे हात धडधाकट आहेत. अपराधी मनानं त्याच्या बोटांकडून ते करून घेतलं म्हणावं, तर सोहेलच्या घोड्याचं काय? आणि त्याच्या अंगठ्याभोवती वळलेली बोटं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत. याचं उत्तर माझ्या एम.ए.च्या पुस्तकांत नाही, बाबांच्या कारखान्यातही नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

संध्याकाळी सगळे गेले की फळ्या पुसायचं काम माझ्याकडे असतं. पाण्याचं भांडं हातात असतं. शाडूच्या भेगेवरून ओलं बोट फिरवलं की ती बुजते, हे मला चालायला शिकले तेव्हापासून माहीत आहे. त्या हातापाशी मी रोज क्षणभर थांबते, भेग किती पुढे सरकलीये ते बघते... आणि कोरड्या बोटांनी दिवा बंद करते.